पाण्याखालची फोटोग्राफी शिकायची असेल तर

पाण्याखाली काढलेले सुरुवातीचे फोटो सगळ्यांचे जवळपास सारखेच येतात. सगळीकडे निळसर-हिरवट धुरकटपणा, मधे कुठेतरी बोटाएवढा मासा, तोही पाठमोरा, आणि फ्लॅश वापरला असेल तर फोटोभर पांढरे ठिपके. डोळ्यांनी जे पाहिलं त्यातलं फारच थोडं फोटोत उतरलेलं असतं. मग माणूस कॅमेऱ्याला दोष देतो आणि आणखी महाग कॅमेरा शोधायला लागतो. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. लेन्स आणि मासा यांच्यामधे जे पाणी असतं, त्याचा असतो. लेन्स कोणती घ्यायची, फ्लॅश कुठे धरायचा, माशाजवळ कसं जायचं, हे सगळे प्रश्न शेवटी हे मधलं पाणी कमी कसं करायचं इथेच येऊन थांबतात. म्हणून सुरुवात पाण्यापासूनच करू.

पाणी प्रकाशाचं काय करतं

जमिनीवर शंभर मीटर लांबच्या झाडाचा फोटो सहज निघतो. पाणी कितीही नितळ असलं तरी चार मीटरवरचा मासा फिका पडायला लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. ते प्रकाश शोषून घेतं, विखुरतं आणि वाकवतं.

शोषण सगळ्या रंगांचं सारखं होत नाही. लाल सर्वांत आधी जातो. पाच मीटर खोलीवर तो बराच मलूल झालेला असतो. पुढे नारिंगी जातो, मग पिवळा, आणि उरतो तो हिरवा-निळा. वीस मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट-काळपट दिसतं. आपला मेंदू बरीच भरपाई करून घेतो, म्हणून पाण्यात असताना हे तितकंसं जाणवत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर अशी भरपाई करत नाही.

नवशिक्यांच्या एक गोष्ट हमखास लक्षात येत नाही. रंग फक्त खोलीमुळे जात नाहीत, तर प्रकाशाने पाण्यातून केलेल्या एकूण प्रवासामुळे जातात. मासा तीन मीटर खोलीवर आणि तुमच्यापासून चार मीटर लांब असेल, तर सूर्यप्रकाश आधी वरून त्याच्यापर्यंत आणि मग त्याच्यापासून तुमच्यापर्यंत, म्हणजे किमान सात मीटर पाण्यातून आलेला असतो. फ्लॅशच्या बाबतीत तर अंतर दुप्पट धरायचं: दीड मीटरवरचा मासा म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर.

वाकण्याचा परिणाम वेगळा होतो. मास्कच्या सपाट काचेतून पाहताना वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात. त्यामुळे ‘आता पुरेसं जवळ आलो’ असं वाटतं, तेव्हा अजून जवळ जायला जागा असते. आणि विखुरण्यावर, म्हणजे पाण्यातले प्लवक, वाळूचे कण, गाळ यांच्यामुळे येणाऱ्या धुरकटपणावर, कुठलीही लेन्स उपाय करू शकत नाही. तिथे जवळ जाणं हाच इलाज.

पहिली पायरी: कॅमेऱ्याशिवाय डाइव्ह

हे वाचून कंटाळा येईल, पण हीच पायरी बहुतेकजण वगळतात. पाण्यात एका जागी तरंगत राहता येत नसेल तर कॅमेरा हातात घेऊ नये. स्कूबा करणार असाल तर मान्यताप्राप्त कोर्स पूर्ण करा आणि त्यानंतरही बरेच डाइव्ह रिकाम्या हातांनी करा. स्वतःची परीक्षा अशी घ्या: वाळूच्या तळापासून हातभर वर, शरीर आडवं ठेवून, हात न हलवता आणि कशालाही न धरता मिनिटभर थांबायचं. श्वास घेतला की शरीर किंचित वर येतं, सोडला की खाली जातं. ही हालचाल ओळखीची झाली आणि नुसत्या श्वासाने वर-खाली होता यायला लागलं, की तुम्ही कॅमेऱ्यासाठी तयार झालात.

यात जीवाशी संबंधित एक बाब आहे. फोटो हलू नये म्हणून श्वास रोखून धरायचा मोह प्रत्येक फोटोग्राफरला होतो. स्कूबावर असताना श्वास कधीही रोखायचा नाही. दाबाखालची हवा छातीत कोंडून तुम्ही नकळत वर सरकलात तर ती प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, त्यामुळे पृष्ठभागाजवळच्या शेवटच्या काही मीटरमध्ये हवेचं हे प्रसरण सर्वांत मोठं असतं. श्वास संथ आणि अखंड चालू ठेवा, उच्छ्वास लांबवा आणि त्या उच्छ्वासात शटर दाबा.

स्नॉर्कल लावून, दम धरून खाली सूर मारणाऱ्यांसाठी नियम वेगळा: एकट्याने कधीच नाही. एकजण खाली असताना दुसऱ्याची नजर त्याच्यावरच हवी. दम संपत आल्याची जाणीव उशिरा होते, आणि फोटोच्या नादात ती आणखी उशिरा होते.

कॅमेरा हातात आला की हवा किती उरली हे विसरायला होतं. चांगली सवय म्हणजे प्रत्येक विषय सोडून पुढे निघताना गेज पाहायचा, खोली पाहायची, बडी, म्हणजे सोबतचा जोडीदार डाइव्हर, कुठे आहे ते पाहायचं. बडीला डाइव्हच्या आधीच सांगून ठेवा की तुम्ही एका जागी बराच वेळ थांबाल. फोटोग्राफरबरोबर कंटाळून पुढे निघून गेलेला बडी ही धोक्याची परिस्थिती आहे.

पाय कसे मारता यालाही महत्त्व आहे. वर-खाली पाय मारले तर तळाचा गाळ उठतो आणि पुढची दहा मिनिटं त्या जागी कुणालाच फोटो काढता येत नाही. बेडकासारखे पाय बाजूला मारायला शिका. त्यात पाण्याचा झोत मागे जातो, खाली नाही. आणि प्रवाळाला टेकायचं नाही, धरायचं नाही, गुडघा ठेवायचा नाही. गोलाकार, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभरच वाढतात. पायात घातलेल्या फिनच्या एका फटक्याने मोडलेला तुकडा परत यायला दशकं लागू शकतात. फोटोसाठी प्रवाळावर आडवे झालेले लोक दिसतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. असा फोटो चुकला तरी चालेल.

दुसरी पायरी: कॅमेरा आणि लेन्स

सुरुवातीला तीन मार्ग असतात. ॲक्शन कॅमेरा लहान, स्वस्त आणि व्हिडिओला उत्तम. अलीकडचे बरेचसे हाउसिंगशिवाय, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या बाहेरच्या पेटीशिवाय, दहा मीटरपर्यंत चालतात. पण त्यांची लेन्स फार रुंद असते, फ्लॅश जोडता येत नाही, आणि लहान प्राण्यांचे फोटो जवळजवळ निघतच नाहीत. दुसरा मार्ग वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट. ऑलिंपसच्या (आता ओएम सिस्टीम या नावाने येणाऱ्या) टीजी मालिकेसारखे कॅमेरे हाउसिंगशिवाय पंधरा मीटर आणि हाउसिंगमध्ये पंचेचाळीस मीटरपर्यंत जातात, आणि लेन्सपासून सेंटिमीटरभर अंतरावर फोकस करतात. तिसरा मार्ग मिररलेस कॅमेरा आणि त्याच मॉडेलसाठी बनवलेलं हाउसिंग. यात हाउसिंगची किंमत अनेकदा कॅमेऱ्याहून जास्त पडते आणि कॅमेरा बदलला की हाउसिंगही बदलावं लागतं.

नवशिक्यांना मी नेहमी दुसरा मार्ग सुचवतो. घेताना तीन गोष्टी पाहा: फाइल रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने नोंदलेली सगळी माहिती ठेवणाऱ्या स्वरूपात, सेव्ह होते का, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग, स्वतः सेट करता येतो का, आणि बाहेरचा स्ट्रोब, म्हणजे पाण्याखाली चालणारा वेगळा फ्लॅश, जोडायची सोय आहे का. मेगापिक्सेल किती, हा प्रश्न सर्वांत शेवटचा.

फोनचा विचार करत असाल तर एक खबरदारी घ्या. ‘वॉटरप्रूफ’ फोनची चाचणी स्थिर, गोड्या पाण्यात झालेली असते. खारं पाणी, लाटांचा मारा आणि दाबाचा चढउतार त्यात धरलेला नसतो. फोन न्यायचाच तर डाइव्हिंगसाठी बनवलेल्या हाउसिंगमध्येच न्या.

लेन्सचं गणित सोपं आहे. पाण्याखाली दोनच प्रकार कामाचे: वाइड अँगल आणि मॅक्रो. दोन्ही तुम्हाला जवळ जायला लावतात. वाइड लेन्समुळे मोठा विषयही हातभर अंतरावरून चौकटीत बसतो. मॅक्रोमुळे नखाएवढा प्राणी चौकट भरतो. लांबची वस्तू ओढून आणणारी टेलिफोटो इथे निरुपयोगी, कारण ती मधलं सगळं पाणीही ओढून आणते. त्याच कारणाने कॅमेऱ्याचा झूम वापरायची सवय मोडा.

लेन्ससमोरच्या काचेला पोर्ट म्हणतात. सपाट पोर्टमधून चित्र एक तृतीयांशाने मोठं होतं, जे मॅक्रोला फायद्याचं आहे. वाइड लेन्सचा कोन मात्र सपाट पोर्ट खाऊन टाकतं, म्हणून तिथे घुमटासारखं डोम पोर्ट लागतं. डोम समोरच्या दृश्याची आभासी प्रतिमा स्वतःच्या अगदी पुढ्यात तयार करतं आणि लेन्स त्या प्रतिमेवर फोकस करते. त्यामुळे जवळ फोकस न होणारी वाइड लेन्स डोममागे चालत नाही. कोपरे मऊ आले तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ/८ किंवा त्याहून लहान करून पाहा (छिद्र लहान तेवढा एफचा आकडा मोठा).

पाण्यात लेन्स बदलता येत नाही. म्हणून डाइव्हच्या आधी ठरवायचं: आज मॅक्रो की वाइड? सुरुवात मॅक्रोने करा असं माझं ठाम मत आहे. विषय जवळ, मधे पाणी अगदी थोडं, प्रकाश पूर्ण आपल्या हातात, आणि गढूळ दिवशीही फोटो मिळतात.

तिसरी पायरी: ओ-रिंग

हाउसिंगच्या झाकणात बसणारी रबराची ही बारीक कडी सगळा समुद्र बाहेर ठेवते, आणि एक केस तिला हरवू शकतो. म्हणून हाउसिंग बंद करायचं काम घाईत, बोटीवर, वाऱ्यात, ओल्या हातांनी करू नका. आदल्या रात्री किंवा सकाळी निवांत, चांगल्या उजेडात, स्वच्छ टेबलावर करा.

ओ-रिंग खाचेतून काढताना टोकदार वस्तू वापरू नका. सोबत आलेलं प्लास्टिकचं साधन किंवा प्लास्टिक कार्डाचा कोपरा पुरतो. दोन बोटांच्या चिमटीत ती हळूहळू फिरवा. डोळ्याला न दिसणारा वाळूचा कण बोटाला लागतो. धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, खाचही पुसा. मग हाउसिंगच्या निर्मात्याने सांगितलेलं ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं घेऊन बोटांत चोळा आणि ओ-रिंग त्यातून ओढा. रबर चमकलं पाहिजे. ग्रीसचा थर दिसता कामा नये. ग्रीसने पाणी अडत नाही, रबर दाबलं गेल्याने अडतं. ग्रीसचं काम एवढंच की रबर लवचिक राहावं आणि खाचेत न मुरडता बसावं. जास्त ग्रीस लावलं तर त्याला धूळ आणि केस चिकटतात.

झाकण बंद करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरली आहे, कार्ड आत आहे आणि रिकामं आहे, लेन्सचं टोपण काढलं आहे, हे पाहा. सिलिका जेलची पुडी आत ठेवा, पण ती ओ-रिंगजवळ सरकणार नाही अशी. दमट हवेत बंद केलेलं हाउसिंग उन्हात गेलं आणि मग थंड पाण्यात गेलं की आतली वाफ काचेवर जमते. शक्यतो कोरड्या हवेत बंद करा आणि उन्हात ठेवू नका.

बंद झाल्यावर झाकणाच्या कडेने सगळीकडून नजर फिरवा. पारदर्शक हाउसिंगमध्ये दबलेली ओ-रिंग सलग गडद रेषेसारखी दिसते. रेष कुठे तुटलेली दिसली तर उघडून पुन्हा बसवा. नव्या हाउसिंगची पहिली डुबकी कॅमेऱ्याशिवाय करा, आत कोरडा टिशू पेपर ठेवून. प्रत्येक डाइव्हच्या आधी बादलीभर पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहा. हाउसिंगला व्हॅक्यूम पंपाची सोय असेल तर ती जरूर घ्या: आतली हवा थोडी काढून घेतली आणि दाब टिकून राहिला, तर पाण्यात जाण्याआधीच खात्री पटते.

पाण्यात असताना आत थेंब दिसले तर पोर्ट खाली करा, म्हणजे पाणी पोर्टच्या बाजूला साचेल, आणि नेहमीच्याच सावकाश वेगाने वर या. कॅमेरा वाचवायला धावत वर येणं हा वेडेपणा आहे. कॅमेरा दुसरा मिळतो.

चौथी पायरी: सेटिंग

मॅन्युअल मोडला घाबरू नका. पाण्याखाली ऑटो मोड निळ्या रंगाला फसतो. फाइल रॉमध्ये ठेवा आणि या आकड्यांपासून सुरुवात करा.

मॅक्रो, स्ट्रोबसह: आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ते २००, शटर १/२०० सेकंद, ॲपर्चर एफ/१६च्या आसपास. लहान सेन्सरच्या कॉम्पॅक्टवर एफ/८ पुरतं.

वाइड, स्ट्रोबसह: आयएसओ २०० ते ४००, शटर १/१२५, ॲपर्चर एफ/८.

यामागचं तत्त्व समजलं तर आकडे पाठ करावे लागत नाहीत. स्ट्रोबचा लखलखाट सेकंदाच्या अगदी लहान अंशात संपतो. शटर १/६० असो की १/२००, स्ट्रोबने उजळलेला प्रवाळ तितकाच उजळ येतो. मागचं निळं पाणी मात्र सूर्यप्रकाशाने उजळलेलं असतं, त्यामुळे ते शटरच्या वेगाप्रमाणे गडद किंवा फिकं होतं. म्हणजे एकाच फोटोत दोन वेगळे नळ आहेत: शटरने मागचं पाणी सांभाळायचं, ॲपर्चर आणि स्ट्रोबच्या ताकदीने पुढचा विषय. आधी स्ट्रोब बंद ठेवून नुसत्या पाण्याचा फोटो काढा, निळा रंग हवा तसा आला की स्ट्रोब चालू करा. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत १/२०० किंवा १/२५०च्या पलीकडे जाता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

स्क्रीनवर फोटो कसा दिसतो यावर विसंबू नका. अंधाऱ्या पाण्यात स्क्रीन नेहमीपेक्षा उजळ वाटते आणि घरी आल्यावर फोटो काळे निघतात. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ भाग किती आहेत हे दाखवणारा आलेख, पाहायची सवय लावा.

पाचवी पायरी: प्रकाश

स्ट्रोब नसेल तरी काम सुरू करता येतं. पाच ते आठ मीटरच्या आत राहा, सूर्य डोक्यावर असतानाची वेळ निवडा आणि तो तुमच्या पाठीमागे ठेवा. पांढरी पाटी किंवा वाळू दाखवून व्हाइट बॅलन्स हाताने सेट करा आणि खोली दोन-तीन मीटरने बदलली की पुन्हा करा. निळ्या पाण्यात लाल फिल्टरने आणि हिरवट पाण्यात गुलाबी-जांभळट फिल्टरने मदत होते. फिल्टर बराच प्रकाश खातो आणि जास्त खोलीवर उपयोगाचा राहत नाही, कारण जो लाल रंग तिथे पोहोचलेलाच नाही तो त्याला आणता येत नाही. स्ट्रोब वापरताना फिल्टर काढून ठेवायचा.

खरा रंग हवा तर प्रकाश सोबत न्यावा लागतो, आणि हे पहिल्यापासूनच असं आहे. पाण्याखालचा पहिला फोटो विल्यम थॉम्पसन यांनी १८५६ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यालगत, कॅमेरा काठीला बांधून खाली सोडून काढला. लुई बुताँ यांनी १८९३ मध्ये फ्रान्समधल्या बान्युल्स-सूर-मेर इथे स्वतः पाण्यात उतरून काढायला सुरुवात केली. रंगीत फोटोला मात्र १९२६ उजाडावं लागलं. विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळच्या समुद्रात एका हॉगफिशचा फोटो घेतला, तेव्हा पाण्यावर तरंगत्या तराफ्यावर मॅग्नेशियमची स्फोटक भुकटी पेटवून त्यांनी प्रकाश पाडला. तो फोटो १९२७ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकमध्ये छापून आला. आज तेच काम मुठीएवढा स्ट्रोब करतो.

स्ट्रोबची पोहोच मात्र मर्यादित असते. दीड मीटरच्या पुढे त्याच्या प्रकाशातला लाल रंगही विरत जातो. मीटरभराच्या आत असाल तेव्हाच त्याचा खरा उपयोग.

आता त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे येऊ, ज्यांना बॅकस्कॅटर म्हणतात. धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच हे. लेन्स आणि विषय यांच्यामधल्या कणांवर प्रकाश पडतो आणि सरळ लेन्समध्ये परततो. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असल्याने सर्वांत जास्त ठिपके तोच देतो. त्याचा उपयोग फक्त फायबर ऑप्टिक केबलमधून स्ट्रोब पेटवण्यापुरता करा आणि त्याचा प्रकाश बाहेर पडू देऊ नका.

स्ट्रोब आर्मवर, म्हणजे हाउसिंगला जोडलेल्या दांड्यांवर, लेन्सपासून दूर न्या. वाइडसाठी दोन्ही स्ट्रोब दोन बाजूंना पसरा, डोमच्या काचेच्या थोडे मागे ठेवा आणि तोंडं किंचित बाहेरच्या दिशेला वळवा. हे उलटं वाटतं, कारण स्वाभाविकपणे आपण स्ट्रोब विषयावर रोखतो. पण स्ट्रोबचा प्रकाश शंकूसारखा पसरतो. तोंड बाहेर वळवलं की शंकूची आतली कड विषयाला स्पर्श करते आणि लेन्ससमोरचं पाणी अंधारात राहतं. अंधारातला कण फोटोत दिसत नाही. मॅक्रोमध्ये मधलं पाणी चार बोटंच असल्याने स्ट्रोब पोर्टच्या दोन्ही बाजूंना जवळ आणले तरी चालतात. एकच स्ट्रोब असेल तर वर डावीकडे किंवा उजवीकडे तिरपा धरा.

सराव करायला हलणारा मासा घेऊ नका. एखादा दगड निवडा, वीस फोटो काढा, प्रत्येक वेळी स्ट्रोबची जागा थोडी बदला. बाहेर आल्यावर ते एकापुढे एक ठेवून पाहा. पुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा याने जास्त समजतं. मॅक्रोला फोकससाठी लहान टॉर्चही लागतो. त्याला लाल दिव्याची सोय असेल तर चांगलं. बऱ्याच सागरी प्राण्यांना लाल प्रकाश नीट दिसत नाही, त्यामुळे ते बुजत नाहीत.

सहावी पायरी: जवळ जाणं

माशाच्या मागे पोहू नका. तो तुमच्यापेक्षा वेगवान आहे आणि फोटोत फक्त शेपटी येईल. सरळ अंगावरही जाऊ नका. मोठा प्राणी थेट समोरून येतोय म्हणजे तो खायला येतोय, एवढंच त्याला कळतं. तिरक्या रेषेत, त्याच्याच पातळीवरून, मधूनमधून थांबत पुढे सरका. बुडबुड्यांचा आवाज माशांना बुजवतो, म्हणून श्वास हळू सोडा. थोड्या अंतरावरून एक फोटो घ्या, मग अर्धं अंतर कापा, पुन्हा एक घ्या. पळालाच तर किमान काहीतरी हाती असतं.

त्याहून चांगलं म्हणजे मासा जिथे परत येतो तिथे आधी जाऊन थांबणं. क्लाउनफिश त्याचं सी ॲनिमोन, म्हणजे दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा प्राणी, सोडून फार लांब जात नाही. पाच मिनिटं नुसतं पाहिलंत तर त्याची लय कळते: बाहेर येतो, वळतो, पुन्हा शिरतो, आणि वळताना क्षणभर तुमच्याकडे तोंड असतं. फोकस त्या जागेवर लावून ठेवा आणि त्याला तिथे येऊ द्या. ॲनिमोनच्या बुंध्याशी दगडावर नारिंगी दाण्यांसारखी अंडी दिसली तर नर त्यांना परांनी वारा घालत असतो. अंडी पिकत आली की प्रत्येक दाण्यात दोन चंदेरी डोळे दिसायला लागतात. ते डोळे टिपणं हा मॅक्रोचा खराखुरा कस आहे. पण नर अंडी सोडून वारंवार तुमच्यावर धावून येत असेल तर मागे व्हा.

माशांची सफाई केंद्रंही अशीच सोन्याची जागा. निळ्या-काळ्या पट्ट्यांचा क्लीनर रॅस मासा तिथे बसलेला असतो आणि मोठे मासे येऊन तोंड उघडून, कल्ले पसरून स्तब्ध उभे राहतात. एरवी जवळ येऊ न देणारे मासे इथे बरंच सहन करतात. दोन-तीन मीटरवर थांबा, वर्दळ पूर्ववत होऊ द्या, मग इंचाइंचाने पुढे जा. तुमच्यामुळे रांगेतले मासे निघून जात असतील तर तुम्ही फार जवळ आलात.

शिकायला सर्वांत चांगला विषय म्हणजे न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेली रंगीत समुद्री गोगलगाय. ती पळत नाही. तिच्या डोक्यावर दोन शिंगांसारखे अवयव असतात, ज्यांनी ती गंध घेते. फोकस त्यांच्यावरच हवा. इतर प्राण्यांत डोळ्यावर असतो तसा. पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा धूसर झाला तरी फोटो चालतो, शिंगं धूसर झाली तर चालत नाही. ऑटोफोकस अडखळत असेल तर फोकस एका अंतरावर कायम करा आणि स्वतः मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे-मागे व्हा.

प्राणी हलवून ‘चांगल्या’ जागी ठेवणं, काडीने डिवचणं, वाट अडवणं, हे करायचं नाही. समुद्रघोडा पाठ फिरवतो तेव्हा त्याचं उत्तर मिळालेलं असतं. दोन-चार फोटो घ्या आणि निघा. हाताने कुठे टेकण्याआधी नीट पाहा. दगडासारख्या दिसणाऱ्या स्टोनफिशच्या पाठीच्या काट्यांत जबरदस्त विष असतं. निळ्या वलयांचा छोटा ऑक्टोपस ती वलयं उजळून दाखवायला लागला तर तो त्रासलेला आहे. त्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो.

चौकट

इथे फार नियम नकोत. वरून खाली फोटो काढू नका. विषय मागच्या दगडांत हरवतो. त्याच्या पातळीवर किंवा त्याच्याही खाली जाऊन कॅमेरा वर वळवला की मागे मोकळं पाणी येतं आणि विषय सुटा होतो. खालून सरळ वर पाहिलंत तर बाहेरचं अख्खं आकाश सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीत एकवटलेलं दिसतं आणि तिच्या बाहेर पाणी आरशासारखं होतं. पाणी शांत असेल तेव्हा त्या खिडकीत कासवाची किंवा डाइव्हरची काळी आकृती पकडून पाहा. सूर्याचे किरण हवे असतील तर सकाळी सूर्य तिरपा असताना, उथळ पाण्यात, शटर १/२५०वर ठेवून काढा.

बाहेर आल्यावर

हाउसिंग न उघडता गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि पाण्यातच सगळी बटणं दाबून घ्या. मीठ बटणांच्या आत सुकलं तर स्फटिक होतात आणि तिथली छोटी ओ-रिंग कापतात. उघडण्यापूर्वी केस, हात, बाह्या कोरड्या करा; ओल्या केसांतला एक थेंब पुरतो.

संगणकावर आधी व्हाइट बॅलन्स, मग कॉन्ट्रास्ट, मग उरलेले ठिपके, या क्रमाने काम करा. सेन्सरवर लाल रंग नोंदलाच गेला नसेल तर स्लायडर कितीही ओढला तरी फक्त लालसर कचरा वाढतो. २०१९ मध्ये देर्या अक्कायनाक आणि ताली त्रेबिट्झ यांनी ‘सी-थ्रू’ नावाची पद्धत मांडली, जी फोटोतून पाण्याचा परिणाम गणिताने काढून टाकते. तिला चित्रातला प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे हे माहीत असावं लागतं. अंतराचा हिशोब तिलाही चुकलेला नाही.

फोटोसोबत तारीख, जागा आणि खोली त्याच दिवशी लिहून ठेवा. आयनॅचरलिस्टसारख्या, जीवांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर टाकलेत तर जाणकार प्राण्याची ओळख पटवून देतात आणि ती नोंद संशोधकांनाही उपलब्ध होते. व्हेल शार्क भेटला तर त्याच्या डाव्या कुशीचा, कल्ल्यांच्या लगेच मागच्या भागाचा, बाजूने सरळ काढलेला एक फोटो अवश्य घ्या. तिथल्या ठिपक्यांची रचना प्रत्येक माशात वेगळी असते, आणि ती जुळवायची पद्धत खगोलशास्त्रज्ञांच्या ताऱ्यांचे नकाशे जुळवण्याच्या गणितावरून घेतली आहे. मांटा रेच्या बाबतीत हीच ओळख पोटावरच्या डागांवरून पटते, म्हणून तिथे खालून काढलेला फोटो लागतो. दोन्ही वेळा फ्लॅश बंद, स्पर्श नाही, आणि वाट मोकळी.